बासष्ट पावलं

डिचोलीचा बाजार नवा झाला, तेव्हा सगळ्यात आधी त्याचा वास गेला. आता खाली लादी, वर दिवे आणि दोन्ही बाजूंची दुकानं एकाच पिवळ्या रंगात, लग्नातल्या करवल्यांसारखी. करवल्यांची निदान नाकं तरी वेगळी असतात.

या रस्त्यावर कमलाक्षी मावशीने एकेचाळीस वर्षं आबोलीच्या माळा विकल्या. ती लाटंबार्सेची, आमच्या शेजारची. पहिल्या बसने यायची आणि पाव भाजणाऱ्या पोदेराच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. भट्टीमुळे ती पायरी कोमट असे. मावशीचे गुडघे त्या उबेवरच चालायचे.

रस्ता खणायला घेतला तेव्हा सगळ्या बसणाऱ्यांना उठवलं. दोन वर्षांनी मावशीला नव्या इमारतीत ओटा मिळाला, तोही पहिल्या मजल्यावर. देवाला निघालेलं माणूस फुलांसाठी जिना चढत नाही. उरलेल्या माळा ती रोज घरच्या देवांना घालायची. "देव पण कंटाळले," म्हणायची. शेवटी पालिकेत अर्ज केला. लिहिला मी, आणि 'कृपावंत' हा शब्द दोनदा घातला. उत्तर आलं, जुनी जागा नेमकी दाखवा, खाली बसू देऊ.

ठरल्या दिवशी मोजणीदार शिवदास टेप घेऊन देवळाच्या दीपमाळेपाशी उभा होता.

"पोदेर गेला, पायरी गेली. जागा ओळखणार कशी, मावशी?" मी विचारलं.

"मेल्या, डोक्यार टोपली आसताना खाली बघूक येता? दीपमाळेपासून बासष्ट पावलां. तू चलूक शिकलंस त्याच्या आधीपासून मोजतंय."

ती निघाली. ओठ हलत होते. बासष्टला थांबली ती थेट एटीएमच्या दारात.

"आजी, इथे दार आहे. इथे कोण बसायचं?" शिवदास म्हणाला.

पोदेराच्या दुकानामागचा माड अजून छपरावरून डोकावत होता, चांगला पुढे, चार दुकानं सोडून. मी बोट दाखवलं, "मावशी, अजून थोडं पुढे."

"तू नको सांगू," शिवदासने मला अडवलं. "अर्जदाराने स्वतः दाखवायची. दहा जण येतात नि दहा जागा दाखवतात."

"गप रव रे तू," मावशीही मलाच म्हणाली. "रिकाम्या डोक्यान चाल चुकता."

ती परत दीपमाळेपाशी गेली. डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर टोपली घेतली आणि मान ताठ करून निघाली. या वेळी एटीएमच्याही दोन दारं अलीकडेच बासष्ट झाली.

मी काहीतरी चावट बोलणारच होतो. मग तिचे पाय पाहिले. एका पावलात एकच लादी सरत होती. लहानपणी हिला गाठायला मला पळावं लागायचं.

"बासष्ट," ती मोठ्याने म्हणाली.

"मावशी, पावलं..."

"पावलांक काय झाला?"

एरवी माझी जीभ बाजारभर फिरते. तेव्हा मी एटीएमची पाटी वाचू लागलो.

"मघाची जागा की ही?" शिवदासने विचारलं. "काय लिहू, आजी?"

मावशीने टोपलीखालून पुढे पाहिलं. माड तिलाही दिसला असावा. तिने टोपली सावरली.

"रस्तो लांबवलो मेल्यांनी," ती म्हणाली. "लिही तसां."

शिवदासने लिहिलं, 'जागा निश्चित नाही', आणि टेप खिशात टाकली.

टोपली घ्यायला मी हात पुढे केला, तो तिने झटकला. नव्या इमारतीचा कठडा धरून ती जिना चढू लागली. सवयीने ओठ हलत होते. नवव्या पायरीवर ते थांबले. पाय चढत राहिले.

वर पोचल्यावर तिने टोपली उतरवली आणि धापा टाकत मला विचारलं, "कितक्यो झाल्यो रे?"

बावीस होत्या.

"मी नाही मोजल्या, मावशी," मी म्हटलं.