जांभईराव

सोपानची जांभई म्हणजे पूर्ण कार्यक्रम असायचा. आपण देतो तशी तोंडावर हात ठेवून, चोरून दिलेली नव्हे. आधी डोळे मिटायचे, मग जबडा सावकाश उघडत जायचा आणि शेवटी पोटातून 'हाऽऽ हरी हरी' असा सूर निघायचा. एकदा मोठे साहेब खात्यात राउंडला आले असताना त्यानं त्यांच्यासमोर अशी एक जांभई दिली. साहेब रागावणार तेवढ्यात त्यांनाही जांभई आली. त्या दिवसापासून आमच्या मेंटेनन्स खात्यात त्याचं नाव जांभईराव पडलं आणि हजेरीतलं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

तो कुरुळीचा. वाडवडिलांची शेती, विहिरीवर नवी बसवलेली मोटर, दोन भावांत एक बैलजोडी. वीज यायची ती रात्री. कांद्याला पाण्याची दारं धरून हा माणूस पहाटे घरी यायचा, तोंड धुवायचा आणि सायकल काढून मोशीचा पूल ओलांडून पहिल्या शिफ्टला पिंपरीत हजर व्हायचा. आम्ही बाहेरगावाहून आलेले. मी सांगली जिल्ह्यातला, पिंपरी कॅम्पाजवळ एका खोलीत राहणारा. आम्हाला कंपनी म्हणजे सगळं काही होती. सोपानला ती दुसरी शेती वाटायची. तो म्हणायचा, "हितं निदान पाऊस न्हाई यायचा रं वेळ चुकवून."

त्याला कधी घाई झालेली मी पाहिली नाही. मशीन बंद पडलं, प्रॉडक्शनवाले डोक्यावर येऊन उभे राहिले, की हा आधी जमिनीवर उकिडवा बसायचा, मशीनकडं बघायचा आणि म्हणायचा, "हुईल की. जातंय कुठं?" प्रॉडक्शनचा माणूस पेटायचा. मीही कधीकधी पेटायचो. पण त्याच्याबरोबर काम करताना दम लागत नसे, हेही खरं. तो अवजार मागायचा नाही, नुसता हात पुढं करायचा; मी त्यात पाना ठेवायचो. आम्ही दोघं बरोबर लागलो, बरोबर कायम झालो. जेवायला एकाच बाकावर बसायचो. त्याच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा, माझ्या डब्यात चपात्या. अदलाबदल ठरलेली असायची.

मग संप झाला. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या पट्ट्यात तेव्हा कुठं ना कुठं गेटवर मांडव असायचाच. आमचाही पडला. सुरुवातीला उत्साह होता, भजनं होती, भाषणं होती. नंतर नंतर माणसं सावली बघून बसायला लागली. घोषणा देणाऱ्याचा आवाज बसला की दुसरा उठायचा, तोही थोड्या वेळानं बसायचा. आणि एका सकाळी सोपान सायकलवरून आला, मांडवाशी उतरला नाही, सरळ गेटमधून आत गेला.

त्याच्यामागून आणखी काही गेले. महिना उलटायच्या आत संप कोसळला. आम्ही परत कामावर आलो ते मान खाली घालून, पदरात काहीही न पडता. आमच्यातले काही पुढारी तर परत आलेच नाहीत, त्यांना घेतलंच नाही. त्या सगळ्याचं खापर आम्ही एकाच डोक्यावर फोडलं. सोपाननं भावाच्या पोराला चिकटवून घेतलं म्हणे. साहेबाच्या घरी कांद्याची पोती टाकली म्हणे. रोज नवं काहीतरी निघायचं. त्यातलं काही खरं नव्हतं, पण खरं काय तेही कुणी विचारलं नाही. त्याच्याशी बोलणं बंद झालं. माझंही. तो कॉम्प्रेसरच्या खोलीमागं एकटा भाकरी खायचा. जांभई तेवढी तशीच राहिली, फक्त तिच्यामागून कुणी हसत नसे.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. एके दिवशी मशीन शॉपमधल्या मोठ्या बोरिंग मशीनचा गिअरबॉक्स उघडला गेला. परदेशी मशीन, बिडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं घर, दुसरं मिळायचं नाही. शाफ्ट निघाला, पण त्याच्या टोकाचं बेअरिंग आत खोबणीत तळाशी बसून राहिलं. आरपार भोक असतं तर मागून पंच लावून ठोकता आलं असतं. इथं मागं भिंतच होती. ओढून काढायच्या पुलरची नखं अडकवायला बेअरिंगच्या पाठीमागं फटही नाही. आदल्या शिफ्टनं छिन्नी लावून कड खरवडून ठेवली होती. गरम करावं तर बीड तडकायची भीती. घर फुटलं तर मशीन गेलं, आणि त्या मशीनवर अवलंबून असलेली टेम्पररी पोरं त्याच दिवशी घरी गेली असती. ती पोरं दाराशी घुटमळत होती.

सुपरवायझर देशपांडे शांत गृहस्थ. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "आज खात्यात तुम्ही दोघंच जुने आहात. हे काढा. तुमचं काय असेल ते संध्याकाळी गेटबाहेर."

सोपान उकिडवा बसला, त्यानं आत बॅटरी मारून पाहिलं. मी म्हणालो, तेही देशपांड्यांकडं बघून, "ग्रीस भरून मागून दाब द्यायला पाहिजे."

"व्हय," सोपान म्हणाला, तोही त्यांच्याकडंच बघून. "रॉड मातर नेमका पायजे."

टर्नरकडून बेअरिंगच्या भोकात घट्ट सरकेल असा रॉड करून आणला. भोकातून आत, बेअरिंगच्या मागच्या पोकळीत, ग्रीस ठासून भरलं. रॉड तोंडाशी लावून वर घाव घातला की ग्रीसला जायला जागा उरत नाही, ते बेअरिंगला मागून ढकलतं, अशी ती युक्ती. पण एकानं रॉड सरळ धरायला हवा आणि दुसऱ्यानं घाव घालायला हवा. मोठा हातोडा माझ्या हातात होता. सोपाननं रॉड दोन्ही हातांनी धरला. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. संपाच्या दिवसांत ह्याच माणसाला उद्देशून मी गेटवर काय काय ओरडलो होतो ते त्यानं ऐकलं होतं. त्यानं वर पाहिलं.

"मारा," तो म्हणाला.

पूर्वी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो.

मी मारला. ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांच्या फटीतून फवाऱ्यासारखं बाहेर आलं, दोघांच्या तोंडावर. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरून मी हातोडा उचलला, तेव्हा मूठ ग्रीसनं निसटली आणि घाव रॉडच्या कडेवरून घसरून त्याच्या अंगठ्यावर गेला.

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण ते त्याला कसं कळावं? दारातल्या पोरांना तर उलटंच वाटलं असणार, कारण ती एकदम गप्प झाली. देशपांडे धावत आले.

"काय झालं?"

"माजाच हात सरकला," सोपान म्हणाला. त्यानं अंगठ्याला चिंधी गुंडाळली. नख काळं पडत चाललं होतं. रॉड पुसला आणि परत धरला, पहिल्यासारखाच, दोन्ही हातांनी.

मी म्हणालो, "ग्रीस पातळ पडतंय. ओला कागद भरला तर?" आता मी त्याच्याकडं बघून बोलत होतो.

"कागद न्हाई. थांबा." तो उठला, कॉम्प्रेसरच्या खोलीकडं गेला आणि डबा घेऊन आला. भाकऱ्या चुरल्या, पाण्याचा हबका मारून मळल्या आणि तो गोळा बोटानं आत ठासला. "हे फटीतनं न्हाई निसटायचं," म्हणाला.

मी हळू मारलं. मग जरा जोरात. लगदा बाहेर आला नाही. भरायचं, मारायचं, पुन्हा भरायचं. एका घावाला आवाज बदलला, भरीव होता तो पोकळ झाला. सोपाननं बॅटरी मारली. बेअरिंग केसभर वर आलं होतं. त्यानंतर ते कंटाळल्यासारखं, आपल्या मर्जीनं येत गेलं आणि शेवटी भाकरीच्या लगद्यासकट त्याच्या ओंजळीत पडलं. घराला एक तडासुद्धा गेला नव्हता. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

जेवणाची सुट्टी झाली. त्याच्या डब्यात ठेचा आणि कांदा राहिला होता. तो कॉम्प्रेसरच्या खोलीमागं जायला निघाला. मी म्हणालो, "कुठं चाललास? भाकरी तर बेअरिंगनं खाल्ली."

तो थांबला. आम्ही जुन्या बाकावर बसलो. मी डबा मधे ठेवला. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी होती, म्हणून चपाती मोडता येईना. मी मोडून दिली. बराच वेळ खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुझी बायको मीठ कमीच घालती अजून." कँटीनमधल्या बऱ्याच माना आमच्याकडं वळल्या होत्या. पुढं काही दिवस माझ्याशीही कुणी बोललं नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी दमलो होतो त्या रागानं, एवढंच.

सोपान मला पुन्हा मिळाला तो असा, पण संपाचा विषय आम्ही काढला नाही. मी त्याला माफ केलं होतं का? नक्की सांगता येणार नाही. परत न घेतलेल्या पुढाऱ्यांपैकी एक जण पिंपरीच्या बाजारात हातगाडी लावायचा. तो दिसला की सोपानबद्दल मनात पुन्हा काहीतरी घट्ट बसायचं. दुसऱ्या दिवशी शिफ्टला आलो की ते थोडं सैल व्हायचं.

पुढं त्याच्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला. शेती आणि कंपनी दोन्ही एकट्यानं होईना, म्हणून त्यानं राजीनामा दिला. काही वर्षांनी तो गेल्याचंही मला उशिरा, कुरुळीच्याच एका पोराकडून कळलं. कावीळ झाली, अंगावर काढली. कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

त्याचा कंपनीतला शेवटचा दिवस मात्र लक्षात आहे. खात्यानं हारतुरे काही केले नाहीत. शिफ्ट सुटल्यावर मी त्याच्याबरोबर चालत निघालो. तो सायकल हातात धरून चालत होता. नाशिक रस्त्याला लागल्यावर एका मोरीवर आम्ही टेकलो. कारखान्यांच्या शिफ्टा सुटलेल्या, माणसांचे लोंढे आमच्यासमोरून जात होते.

"तू कंदी इचारलं न्हाईस," तो म्हणाला.

"काय?"

"आत का गेलो ते."

मी म्हणालो, "बरं, का गेलास?"

त्यानं बराच विचार केला. "कंटाळलो हुतो. मांडवात नुसतं बसायचं, वरडायचं, सांजच्याला घरी जायचं. हाताला काय न्हाई. एक दिस सायकल मांडवाशी थांबवायची, ती थांबवली न्हाई. दुसरं कारन न्हाई, राव."

मला राग आला. दीड वर्ष आम्ही त्याच्या नावावर इतकी कारणं रचली होती, आणि त्यातलं एखादं वाईट कारणसुद्धा ह्याच्यापेक्षा बरं होतं. "एवढंच?" मी म्हणालो. "आणि एवढ्यासाठी त्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या?"

"गेल्या," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय." त्यानं नजर चुकवली नाही. मग त्यानं मला विचारलं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, "तू का ऱ्हायलास शेवटपातुर?"

तत्त्व, एकी, हक्क हे सगळं ओठांवर आलं. मांडवात मी ते रोज बोललो होतो. पण त्या मोरीवर, त्याच्यासमोर, ते बोलवेना.

"सगळे होते म्हणून," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "ते बी खरंच हाय."

ऊन कलायला लागलं होतं. तो उठला, पँटचा पायचा मोज्यात खोचला, सायकलवर टांग टाकली आणि गर्दीच्या उलट्या बाजूनं मोशीकडं निघाला. मी त्याला जाताना बघत राहिलो. वळणापर्यंत तो दिसत होता. मग एक ट्रक आडवा आला.