डबल ड्यूटी, डबल गोळी

दोस्तांनो, आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये रांजणगाव ते शिरूर माझा मित्र विशाल नुसता ओकत होता.

केस गळतात म्हणून तो कॉपर पेप्टाइडची, म्हणजे तांबं असलेली, गोळी घेतो. आमच्या लाइनवरची निम्मी पोरं घेतात. कुणीतरी पुण्याहून आणतं, आणि नियम पोरांनीच काढलाय: एका शिफ्टला एक गोळी. काल रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही, विशालला डबल ड्यूटी पडली. म्हणून पठ्ठ्यानं गोळ्याही दोन घेतल्या!

बसमधून उतरवून त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्यांची बाटली फिरवून बघितली. "किती घ्यायची, मधे खंड कधी पाडायचा, यावर काहीच लिहिलेलं नाही. तांबं शरीराला लागतं, पण अगदी थोडं. बंद कर. आधी केस का गळतात ते बघू."

विशाल काकुळतीला आला. "रविवारी दौंडला पोरगी बघायला जायचंय, डॉक्टर. निदान तवर तरी घिऊ द्या."

मी बाटली उचलून खिशात टाकली. "टक्कल घिऊन जा. मी हाय संगं."

आमचं मशीन दर गुरुवारी बंद ठेवतात, ऑइलिंग करतात. तिथं कुणी हयगय केली तर हीच पोरं भांडायला उठतात; स्वतःच्या गोळीला मात्र खंड नाही. उद्या लाइनवर एकेकाला धरून या गोळीबद्दल बोलणार आहे. शिव्या पडल्या तरी बेहत्तर.

तुम्हीही काही घेत असाल. सुरू कर म्हणणारे भेटले असतील, पण थांबायचं कधी, हे कुणी सांगितलं का?