ड्रमवाल्याचे वडील

शाळेत असताना आम्ही बेलबॉटम घालून रॉक बँड काढला होता. आमच्या ड्रमवाल्याचे वडील जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर नोकरीला होते. ते आम्हा पोरांनाही 'तुमी' म्हणायचे, आणि प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण मिळेपर्यंत नजर हलवायचे नाहीत. मला त्यांचा धाक वाटायचा.

त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या ड्रमवाल्या मित्राच्या आजोबांना, गावातून बोलावणं आलं की हलगी घेऊन जावंच लागायचं. बौद्ध झाल्यावर घरानं हलगी सोडली, ती कायमची. त्यामुळे मित्रानं ड्रमचं घरी सांगितलंच नव्हतं. आम्ही एका रिकाम्या गोदामात दार लावून वाजवायचो.

एका दुपारी दार ढकलून ते आत आले. मित्राचे हात थांबले.

"कोनाच्या सांगन्यावरून वाजवून राह्यला तू?"

"कोनाच्याच नाई, बाबा. मले आवडते."

"बोलावनं आलं त जा लागते काय?"

"नाई. मन झालं तवाच वाजवतो."

"अन् नाई वाजवलं त?"

मित्र गोंधळला. "त काई नाई. घरी येतो."

त्यांनी त्याच्यावरची नजर काढून दाराकडे वळवली.

"मंग दार कायले लावता?" असं म्हणून त्यांनी स्वतःच दोन्ही फळ्या सताड उघडल्या. "वाजव. जोरानं वाजव."

मित्रानं असा ड्रम कधीच वाजवला नव्हता. आम्हीही गिटारवर त्याच्यामागे धावलो. रस्त्यावरची माणसं दाराशी जमली.

"कोनाचा पोट्टा हाय हा?" एकानं विचारलं.

"माया," ते म्हणाले, आणि त्याला नीट दिसावं म्हणून जरा बाजूला सरले.