अक्काच्या उपवासांना स्थगिती

जामखेडच्या तहसील कचेरीसमोर गेली बावीस वर्षे मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझा मसुदा सहसा परत येत नाही. त्यामुळे थोरल्या अक्काच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांशी बोलण्याचे काम घराने एकमुखाने माझ्याकडे सोपविले.

नगरच्या दवाखान्यात अक्का काट्यावर उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

“मावशी, वजन आणखी उतरलंय. असंच राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही.”

“उपास हायेत माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. अन् आता रोज सकाळचंबी सोडलंय.”

शेजारणीने तिला मोबाईलवर दाखविले होते, की उपाशी पेशी आपलाच कचरा खाते आणि रोग धुऊन निघतो.

“पेशी आपले जुने भाग मोडून पुन्हा वापरते, हे खरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण गाठीतल्या पेशीलाही ते जमतं. उपासमारीत, औषधाच्या माऱ्यातही ती त्यावर तग धरू शकते. वाळाल तुम्ही, टिकेल ती.” शिवाय या पेशी सूक्ष्म बुडबुडे सोडतात, त्यांत मजकूर भरून दूरच्या अवयवांकडे धाडतात आणि रोगासाठी तिथली जागा तयार करून ठेवतात, असेही त्यांनी सांगितले.

“म्हणजे अतिक्रमणापूर्वीचा पत्रव्यवहार,” मी म्हणालो. “पलीकडून त्याची पोच घेतात काय?”

बाई म्हणाल्या, “पोच न घेताच आत घेतात. तीच तर अडचण आहे.”

विषय माझ्याच खात्यातला निघाला, याचे मला समाधान वाटले.

परतीच्या एस.टी.त मी अक्काला सर्व खुलासा केला.

“कळलं रं समदं. पन देवाला सांगून धरलेत. उद्यापन केल्याबिगर मधीच कसं सोडू? अन् उद्यापनाचा सैपाक करायला माझ्यात जीव कुठं हाय?”

“सून करील.”

“नवस माझा अन् हात तिचा?”

तेव्हा मी मार्ग काढला. उपवास सोडायचे नाहीत, उपचार संपेपर्यंत तहकूब ठेवण्याचा अर्ज करायचा. त्याच संध्याकाळी मसुदा तयार झाला: ‘अर्जदाराच्या शरीरातील काही पेशी उपवासाचा गैरफायदा घेत असून...’

“गैरफायदा खोड,” अक्का म्हणाली. “देवीला वाटंल, तिच्यामुळंच बिघडलं. अन् एका कागदात तीन देव घातलेस व्हय? तूच सांगतोस ना लोकांना, ज्याचं काम त्याच्याकडं न्या म्हनून?”

हरकत बिनतोड होती. मी तीन स्वतंत्र अर्ज केले.

मंगळवारी देवीच्या देवळात मी पहिला अर्ज खड्या आवाजात वाचला. अक्काने सही केली व विचारले, “निकाल कधी?”

“अर्ज दाखल झाला. निकाल लागेपर्यंत जैसे थे.”

“जैसे थे? मंग उपास चालूच की रं!”

बावीस वर्षांत पक्षकारांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. मी पायरीवर बसून तातडीने ‘अंतरिम स्थगिती मिळावी’ अशी ओळ वाढवू लागलो. ती द्यायची कोणी, हा प्रश्न मात्र शिल्लकच होता.

एवढ्यात गुरव द्रोण घेऊन आला. “अवो, लिवनं मागून करा. परसाद घ्या आधी, गार व्हतोय.”

तुपातला शिरा होता. अक्काने द्रोणाकडे पाहिले, मग देवीकडे.

“परसादाला न्हाई म्हनता येतं का रं?”

“येत नाही.”

तिने शिरा खाल्ला, बोटेही चाटली. “मोडला बग. पन मी न्हाई मोडला, तिनंच मोडला.” आणि द्रोण पुढे करून म्हणाली, “अजून हाय का?”

गुरुवारी व शनिवारीही तिने प्रसाद काय आहे याची आधी चौकशी केली आणि मगच दर्शन घेतले. सकाळच्या भाकरीवर तर कोणा देवाचा हक्कच नव्हता; ती आपोआप सुरू झाली. तीन आठवड्यांनी काटा पुरेसा वर सरकला आणि केमो लागली. गाठीचे पुढे काय होईल, ते डॉक्टरीणबाईही अद्याप सांगत नाहीत.

घरात श्रेय मात्र गुरवाला मिळाले. माझे तिन्ही अर्ज देवळांत तसेच पडून आहेत. त्यांवर कोणी साधा शेराही मारलेला नाही.