वसंतभैयांचा ‘जंगलातला’ मध

भनपुरीत ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत आमची लॅब आहे, खाण्याच्या वस्तू तपासायची. नमुन्याच्या बाटल्या मुदत संपली की फेकता येतात. बाटल्यांसोबत आलेले किस्से मात्र साचत जातात! माझ्याकडचे निम्मे एकट्या वसंतभैयांचे आहेत.

वसंतभैया म्हणजे इथल्या गुढियारी बाजारातले मधाचे व्यापारी, मूळचे आमच्याच विदर्भाकडचे. त्यांना एका मोठ्या दुकानवाल्यांची ऑर्डर मिळणार होती. अट एकच, मधात कीटकनाशक नाही असा रिपोर्ट हवा. आणि रिपोर्टवर सही माझी!

* * *

पहिलं सॅम्पल फेल झालं. भैया तावातावानं आले.

“ताई, काहून फेल करून राहिल्या? लेबल तर वाचा! घनदाट जंगलातला मध आहे!”

“भैया, यात भाजीवर मारायचं कीटकनाशक निघालं. जंगलात वांग्यावर फवारणी कोण करून राहिलं?”

“पेट्या तर जंगलाच्या बाजूनंच ठेवल्या. आता माशी उडून कोणाच्या भाजीच्या बाडीत गेली, तर मी का तिले दोरी बांधू?”

* * *

दुसऱ्या वेळी ते काडीपेटी घेऊनच आले. आमच्या मशीनवर त्यांचा विश्वासच नव्हता. कापसाची वात मधात बुडवली आणि माझ्या टेबलावरच पेटवली. शेजारी पेट्रोलसारख्या भडकणाऱ्या सॉल्व्हंटच्या बाटल्या!

“पहा, पेटला! एकदम शुद्ध!”

आमचे सर केबिनमधून धावत आले आणि वात विझवून म्हणाले, “भैया, इथं अजून एक मिनिट थांबला असतात, तर आपण सगळेच शुद्ध झालो असतो!”

* * *

मग मुंग्यांचा पुरावा आला. “रात्रभर बशी उघडी ठेवली, ताई. एक मुंगी बी नाही लागली! असली मधाले मुंगी लागतच नाही.”

मी म्हटलं, “भैया, मुंग्यांनी आमच्या आधी रिपोर्ट दिला म्हणायचा.”

त्यांना ते कौतुक वाटलं. बरेच दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते म्हणे, की लॅबवाल्या ताईंनी मुंग्यांची टेस्ट मान्य केली!

* * *

कोणीतरी त्यांना सांगितलं, तापवला की विष उडून जातं. भैयांनी गोदामातला सगळा मध कढयांमध्ये चढवला. सॅम्पल आलं तेव्हा रंग काळपट, वास गुळासारखा. मधाचे म्हणून जे काही गुण असतात, ते बहुतेक गेले होते. कीटकनाशक मात्र ठाण मांडून होतं!

“थोडा अजून उकळू का?” त्यांनी विचारलं. मला हसू आलं आणि रागही आला. हाच मध लोक सकाळी उठून तब्येतीसाठी गरम पाण्यातून पितात.

* * *

शेवटी एक सॅम्पल क्लीन आलं. कीटकनाशकाचा पत्ताच नाही! सर खूश, भैयांनी तर पेढे मागवले. मी पुढच्या टेस्ट केल्या. मधाचाही पत्ता नव्हता. नुसता साखरेचा पाक!

“आता तर माशीचा बी संबंध ठेवला नाही,” भैया कळवळून म्हणाले, “तरी तुम्ही सही नाही करत!”

* * *

सही न करताच मला आमंत्रण आलं, नातवाच्या छट्ठीचं, म्हणजे सहाव्या दिवसाच्या कार्यक्रमाचं. दुकानवाल्यांचे खरेदीचे साहेबही आले होते. रिपोर्ट नाही तर नाही, माणूस पाहून ऑर्डर देऊ, असं ते ताटावर बसल्या बसल्या म्हणालेही होते. भैयांचा आनंद काय सांगावा!

तेवढ्यात भैयांची म्हातारी आई चांदीच्या वाटीत घरचाच मध घेऊन आली. बाळाला चाटवायला तिनं बोट बुडवलं.

भैया हातातलं ताट टाकून धावले आणि आईचा हात धरला.

“आई, थांब! आपला नको! पोराले आपला नको देऊ!”

म्हातारी बोट तसंच धरून म्हणाली, “काहून रे? आपला तर जंगलातला आहे ना?”

खरेदीचे साहेब अर्ध्या ताटावरूनच हात धुवायला उठले.