राजाला एक उडी

यवतमाळच्या अनेक कार्यालयांत माझ्याविषयी एक मत आहे आणि ते चांगले नाही. जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर पत्रे लिहिणे हेच माझे काम झाले. नेरच्या बसचा थांबा विनासूचना हलवला, तेव्हा आगार व्यवस्थापकांना मी पाच पत्रे लिहिली. पाचव्याला उत्तर आले. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचे कोडे चुकीच्या उत्तरासह छापले गेले, तेव्हा संपादकांना तीन पत्रे लिहून दुरुस्ती छापायला लावली. उत्तरात म्हटले होते की हत्ती शेवटच्या ओळीत नेला की काळ्यावर मात. प्रत्यक्षात काळ्याचे कोपऱ्यातले प्यादे एक घर पुढे सरकलेले होते आणि राजाला तिथून बाहेर पडता येत होते. पत्राखाली सही माझी होती. चूक माझ्या पत्नीने शोधली होती. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजा आपल्या तीन प्याद्यांमागे शेवटच्या ओळीत बसलेला असतो. जागा सुरक्षित दिसते. मग प्रतिपक्षाचा हत्ती मोकळ्या उभ्या रांगेतून सरळ त्या ओळीत उतरतो, आणि ज्यांनी राखण करायची ती प्यादीच राजाची वाट अडवून उभी राहतात. ही मात दिसायला अतिशय सोपी आहे, म्हणूनच ती सुटते. पत्नीची पाहण्याची रीत अशी, की हत्ती आणि वजीर कुठे आहेत याकडे ती आधी बघतच नसे. "आधी राजाले दार हाय का ते पाहाव," ती म्हणे. "मंग शेवटच्या ओळीत राखणदार घरी हाय का ते पाहाव. दोन्ही नसलं, की समजाव कोनीतरी येऊन राह्यलं."

हे ज्ञान तिला सहज मिळालेले नव्हते. ती राळेगाव तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातली. खेळ तिला वडिलांनी शिकवला आणि तो देशी पद्धतीचा. त्या पद्धतीत राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. काही ठिकाणी शह बसल्यावर ही उडी मिळत नाही; तिच्या वडिलांच्या घरी मात्र पहिल्या शहाला उडीने उत्तर देण्याची मुभा होती. साहजिकच प्याद्यांमागे कोंडलेल्या राजाचे भय तिला ठाऊकच नव्हते. लग्नानंतर मी तिच्यापुढे आंतरराष्ट्रीय नियमांची पुस्तिका ठेवली आणि उडी रद्द केली. पहिल्या वर्षी मी तिला याच एका मातेने किती वेळा हरवले असेल, सांगता येत नाही. दर वेळी तिचा हात राजाकडे जायचा आणि मी "नियम" एवढाच शब्द उच्चारायचो.

एकदा ती म्हणाली, "आमच्या बाबाचा राजा उडी मारते. तुमचा राजा सरकारी हाय, परवानगीबिगर उठत नाही."

पुढे ती शिकली. हल्ला करण्याआधी कोपऱ्यातले प्यादे एक घर सरकवायची आणि "दार उघडून ठेवलं" असे स्वतःशीच म्हणायची. मी तिला चाल वाया घालवल्याबद्दल बोलायचो आणि बहुतेक डाव हरायचो. चाळीस वर्षे, नोकरीत असताना रविवारी आणि निवृत्तीनंतर रोज, दुपारी चारचा चहा झाला की व्हरांड्यात पट मांडला जाई.

घरातही मी कागदावर बोलायचो, तो आमच्यातला जुना विनोद होता. "विषय: दूध उतू जाण्याच्या वारंवार घडणाऱ्या घटनांबाबत." अशी नोटीस मी ओट्यावर ठेवायचो आणि ती भाजी चिरता चिरता तोंडी उत्तर द्यायची. लेखी उत्तर तिने कधी दिले नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातल्या एका दुपारी पटावर तिने राजाचे दार उघडले नाही. माझ्या ते लक्षात आले आणि मला आनंद झाला. मी हत्ती तिच्या शेवटच्या ओळीत उतरवला आणि मात म्हणालो. तिने राजा उचलला, प्याद्यांच्या डोक्यावरून तिसऱ्या ओळीत ठेवला आणि माझ्या चालीची वाट पाहत बसली.

"हे काय?" मी विचारले.

"काहून? पहिलाच शह हाय. राजाले एक उडी असतेच ना."

थट्टा करताना तिचा आवाज खाली जाई. त्या दिवशी तो खाली गेला नव्हता. हे मी ऐकले आणि त्याचा अर्थ लावला तो असा, की चाळीस वर्षांनी ही बाई माझा नियम माझ्या तोंडावर मोडते आहे. चाल परत घे, असे मी सांगितले. तिने राजाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. मी सोंगट्या डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी नोटीस लिहिली. विषय: नियमबाह्य चालीबाबत. खुलासा प्राप्त होईपर्यंत पुढील डाव स्थगित राहील. विनोदाचा साचा तोच होता. आतला राग खरा होता. संध्याकाळी तो कागद माझ्या टेबलावर परत आला. बजावलेली नोटीस परत येणे म्हणजे स्वीकारण्यास नकार, असे मी आयुष्यभर शिकलो होतो. मी त्याला भोके पाडली आणि फाइलला लावला.

चार महिने पट उघडला नाही. सुरुवातीला दोनदा तिने चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी सोंगट्यांचा डबा ठेवला. मी वर्तमानपत्र उघडले. रविवारी ती पुरवणीतले कोडे कात्रीने कापून घ्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन बसायची. कात्रीचा आवाज मला ऐकू येई. मी खुलाशाची वाट पाहत होतो.

मग कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेऊन परतताना, यवतमाळच्याच बसस्थानकावर उतरल्यावर, तिने मला विचारले की राळेगावची गाडी इथूनच लागते ना. बाबा वाट पाहत असतील. तिचे वडील जाऊन वीस वर्षे झाली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले, पहिले लक्षण केव्हा दिसले? मी कळंबचे सांगितले. ते म्हणाले, त्याआधीचे काही आठवले तर तारखेसह लिहून आणा. तारखा ठेवण्यात माझा हात कोणी धरला नसता. मला ती उडी आठवली. घरी येऊन फाइल उघडली. नोटिशीवरची तारीख उतरवून घेण्यासाठी कागद सोडवला आणि तो हातात उलटला.

मागच्या बाजूला तिचे अक्षर होते.

"मला त्या वेळी तुमचा नियम आठवलाच नाही. बाबांचाच आठवला. आजकाल असं होऊन राह्यलं. कोणाले सांगू नका. डाव मांडा."

नोटीस बजावल्याचा शेरा कागदाच्या मागच्या बाजूस असतो. कागद उलटून न पाहिल्याबद्दल मी कनिष्ठ लिपिकांना टेबलासमोर उभे करून बोललो आहे. त्यांतला एक रडला होता. तिने माझ्याच पद्धतीने, आयुष्यात एकदाच, लेखी खुलासा दिला होता आणि मी तो न वाचता दाखल करून घेतला.

नंतर तिची कात्रणे काढली. पहिल्या सहासात कोड्यांवर पेन्सिलीने अचूक बाण होते. पुढच्यांवर बाण भरकटले होते. शेवटच्या दोन कात्रणांवर राजाभोवती नुसते गोल होते, एकावर एक, कागद फाटेपर्यंत. आजार कोणी थांबवू शकले नसते, हे डॉक्टरांनी मला सांगितले आहे आणि मी ते मान्य करतो. पण ते चार महिने आजाराने नेलेले नाहीत. त्या महिन्यांत ती खेळू शकत होती, मला ओळखत होती आणि ट्रेमध्ये डबा ठेवत होती. त्या महिन्यांची तक्रार कोणत्या कार्यालयाकडे करायची, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर सांगता येत नाही.

आता ती मला ओळखत नाही. कोणा पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने बोलते. चार वाजता मी पट मांडतो. तिचा राजा तीन प्याद्यांमागे ठेवतो, हत्ती शेवटच्या ओळीत उतरवतो आणि थांबतो. ती हत्ती उचलून पाहते, पदराने पुसते आणि पटाबाहेर ठेवते.

गेल्या आठवड्यात तो कागद मी फाइलमधून काढला. तिच्या चार ओळींखाली लिहिले, "खुलासा मान्य. उडीस हरकत नाही." खाली सही केली, तारीख घातली आणि तिच्यासमोर बसून दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या. तिने शेवटपर्यंत ऐकले. मध्येच सोंगट्यांकडे पाहिले. मग मला विचारले, "मंग सांगतलं का त्या बाईले?"

मी म्हणालो, "आत्ताच सांगितले."

"उशीर केला जी तुमी," ती म्हणाली, आणि माझ्यापुढचा चहाचा कप थोडा जवळ सरकवला.