बाबांचा सक्तीचा उपास

माझ्या बाबांनी, गुणवंत रामटेके यांनी, जन्मात कधी उपास धरला नाही. नागपूरला लहानपणी रिकाम्या पोटी निजण्याचे दिवस त्यांनी पुरेसे काढले होते. हौसेने उपाशी राहणाऱ्यांचं त्यांना नवल वाटे. इथे कॅनडात, मार्कहॅमला, आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणात वाढप त्यांच्याकडे असायचं. शेवटचा माणूस उठेपर्यंत हातातली पळी खाली ठेवायचे नाहीत.

न्यूमोनियाने ते तीन आठवडे आयसीयूत होते. तोंडातून श्वासाची नळी, नाकातून अन्नाची. नळ्या ओढू नयेत म्हणून दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी कॉटला बांधलेले. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी तिथे बसवली, की तोंड मोकळं होणार होतं आणि हात सुटणार होते. त्या ऑपरेशनसाठी मध्यरात्रीपासून अन्न बंद. दुपारी निरोप यायचा, "सॉरी, इमर्जन्सी आली, टुमॉरो." मग अन्न सुरू, मध्यरात्री पुन्हा बंद. असं तीनदा झालं. दर वेळी मी शहाण्या मुलीसारखी "ओके, थँक्यू" म्हणाले. त्या थँक्यूची मला अजून चीड येते. बाबा टक्क जागे असायचे. नळीत अन्न सोडणाऱ्या बंद पंपाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, तीन वाजले तरी निरोप नाही. बाबांच्या मांड्यांचं पार चिपाड झालं होतं. माझा संयम सुटला.

"आज काही होत नाही. फीड चालू करा," मी नर्सला म्हटलं. ती पुण्याची अवनी.

"ताई, थांबा, डॉक्टरांना पेजरवर बोलावते."

डॉक्टर आले. श्वासाच्या नळीभोवती फुगा असतो, अन्न फुप्फुसात जायची भीती त्यामुळे कमी, इतके तास उपाशी ठेवायची गरज नसावी, असं म्हणाले. पंप सुरू झाला. पहिल्याच दिवशी का नाही भांडले मी?

दहाच मिनिटांत फोन आला. ऑपरेशन थिएटर मोकळं झालं होतं. अवनीने फीड चालू असल्याचं सांगितलं. तिथल्या भूलतज्ज्ञाला मात्र सहा तास रिकामं पोट हवं होतं. डॉक्टरांनी वाद घातला, उपयोग झाला नाही. बाबांची वेळ दुसऱ्याला गेली. आता थेट सोमवारी.

"बाबा, माझ्यामुळे गेलं," मी म्हणाले. "अजून तीन दिवस हात असेच बांधलेले."

ते नळीतून उतरणाऱ्या पांढुरक्या अन्नाकडे बघत होते. बांधलेल्या हाताची बोटं त्यांनी दोनदा हलवली, पंगतीत वाढप्याला 'येऊ दे' म्हणून हलवतात तशी.

मला रडू फुटलं. रविवारी मध्यरात्री तो पंप पुन्हा बंद होणार होता.